तार द्या, तयार अँटेना नको

विज्ञान म्हणजे महागडी उपकरणे, ही समजूत वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांच्या मनातून आधी दूर झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते. हौशी रेडिओची घरगुती अँटेना हे त्याचे उत्तम साधन होय. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अंतराळवीर शाळांशी बोलतात, तेव्हा त्यांचा आवाज 145.800 मेगाहर्ट्झवर येतो. 143 ला या संख्येने भागले की तारेची लांबी मिळते : सुमारे 98 सेंटिमीटर. तिचे मधोमध दोन समान तुकडे करून बांबूला बांधावेत. एकास केबलची आतली तार, दुसऱ्यास तिची जाळी जोडावी. तार भंगारातली चालते, माप मात्र चुकून चालत नाही.

शाळेने एक साधा रिसीव्हर घ्यावा. प्रक्षेपणासाठी शासनाचा परवाना लागतो. त्याची परीक्षा बाराव्या वर्षानंतर देता येते. तिचे शुल्क समाजाने उचलावे. माजी विद्यार्थ्यांनी मात्र तयार अँटेना भेट देऊ नये. तार, पक्कड, मोजपट्टी आणि आपला एक रविवार द्यावा. स्वतः मोजून कापलेल्या तारेतून आवाज आला, की आपल्यालाही हे जमते, हा विश्वास मुलांना येतो. तो विकत आणून देता येत नाही.