मैदानाची झाडलोट करणारा गोलंदाज

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात परीक्षा संपल्या की पोरं बॅट घेऊन मोकळ्या जागा शोधत फिरतात. त्यांना पाहताना यंदा बाळू पालवणकर आठवले. या गावाशी त्यांचं नातं जोडण्याचा मोह आहे, पण तसं काही नाही. जन्म धारवाडचा, १८७६ सालचा, चर्मकार कुटुंबातला.

पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टीची निगा राखत, जाळं बांधत. साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा डावखुरा फिरकीपटू घडला. पुढे हिंदू संघाला त्यांची गरज पडली. मैदानात सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत; चहाला मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात! १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले.

साहेबाशी झुंजायची वेगळी वाट आयर्लंडनं धरली. तिथे १८८४ साली थर्ल्स गावी एक संघटना उभी राहिली, ती हर्लिंगसारखे देशी खेळ जपायला. तिच्या सभासदांना पुढे क्रिकेट वर्ज्य झालं. बाळूंनी उलट साहेबाचाच खेळ शिकून साहेबाला बाद केलं. दोन्ही वाटा मला पटतात. दुसरी जरा जास्तच.

हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांच्या आणखी एका धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे आलं.