गिटारीचें पेडल : किंमत आणि पारख

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं केळीची वाडी करणारे एक पालक मजकडे आले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेंत दहावीच्या वर्गांत शिकतो व इलेक्ट्रिक गिटार बरी वाजवितो. ते म्हणाले, "सर, पायानें दाबायची एक डबी पाहिजे, असा पोराचा हट्ट आहे. पंचवीस हजारांची म्हणे. ती नसली तर गिटारीला आवाजच नाहीं, असें सांगतो. वाडीच्या पैशांतून एवढी रक्कम काढणें मला जड जाईल; पण पोराचा जीव तिच्यांत अडकला आहे. घेऊं कीं नको, तुम्हीच सांगा."

आपल्या वसई-विरार भागांत लग्नमंडपांत, सणासुदीच्या कार्यक्रमांत व गायनवृंदांत गिटार सर्रास वाजते. तेव्हां हा प्रश्न एकाच घरचा नव्हे. म्हणून त्यांना दिलेलें उत्तर मीं येथें सर्वांसमोर ठेवीत आहें.

प्रथम या डब्यांचें, म्हणजे पेडलांचें, काम समजून घेऊं. तारेचा कंप विजेच्या लहानशा लाटेच्या रूपानें ॲम्प्लिफायरकडे जातो. बूस्ट पेडल ती लाट आहे तशीच ठेवून मोठी करितें. वक्त्यानें आपलाच आवाज चढवावा, तसें हें. मात्र ॲम्प्लिफायर आधींच आपल्या मर्यादेजवळ असला, तर एवढ्या रेट्यानेंही त्याचा आवाज किंचित् फुटूं लागतो. ओव्हरड्राइव्ह हें फुटणें डबीच्या आंतच घडवून आणितें. तें लाटेचे माथे हळुवार दाबतें, त्यामुळें मूळ स्वरांत नवे उपस्वर मिसळतात. हलक्या हातानें छेडावें तर आवाज स्वच्छ, जोरानें छेडावें तर खरखरीत. फझ मात्र लाटेचे माथे जवळजवळ छाटूनच टाकितें. स्वर लांबतो व फाटक्या कर्ण्यासारखा गुरगुरतो. एकेकट्या स्वराला तें शोभतें. पण चार-पांच स्वरांची कॉर्ड त्यांतून वाजविली, कीं सर्व स्वरांचा चिखल होतो.

हा फझ जन्मला एका बिघाडांतून. 1961 सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचें ध्वनिमुद्रण अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं चाललें असतां यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या गिटारीचा आवाज फाटका उमटला. तो पुसून न टाकतां तसाच ठेवण्यांत आला. पुढें 1962 त तोच आवाज देणारें ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हें पेडल बाजारांत आलें. परंतु 1965 सालीं रोलिंग स्टोन्स यांनीं तें वाजविल्यावरच त्याला खरी मागणी आली. डबी तीच होती. तिचें सोनें केलें तें वाजविणाऱ्यानें.

स्वरांत उपस्वरांची भर घालण्याची कला आपणांसही परकी नाहीं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावितात, आणि तारेखालीं सुताचा एक धागा सरकवितांच तोच स्वर झंकारूं लागतो. ती जवारी लावण्यास अनुभवी हात लागतो व त्या हाताचें मोल देण्यास कोणी कुरकुरत नाहीं. म्हणून लहान कार्यशाळेंत हातानें घडविलेल्या पेडलाची किंमत अधिक असते, ही तक्रार माझी नव्हे. मुंबईंतील ‘ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन’ यांच्यासारखे आपले लोकही असें काम करितात, याचा मला अभिमान आहे.

माझी तक्रार नांवाला भुलण्याविषयीं आहे. बिल फिनेगन यांनीं 1994 पासून बाजारांत आणिलेलें ‘क्लॉन सेंटॉर’ आज जुन्या बाजारांत हजारों डॉलरांना विकलें जातें. पुढें त्यांनीं त्याचीच नवी आवृत्ति काढली, तेव्हां या भलत्या गाजावाजाचा कर्ता मी नव्हे, अशा आशयाचें वाक्य त्या डबीवरच छापलें! घडविणाराच असें बजावीत असतां, घेणाऱ्यानें कां ऐकूं नये?

एका शनिवारीं आम्हीं शाळेच्या सभागृहांत परीक्षा घेतली. मुलानें मित्राचें महागडें ओव्हरड्राइव्ह आणिलें व त्याशेजारीं कारखान्यांतलें एक साधें ठेविलें. ऐकणाऱ्यांनीं पाठ फिरवून बसावें, असें ठरलें. पहिल्या खेपेस सर्वांनीं एकमतानें महागडें निवडलें. मग त्याचा आवाज दुसऱ्यापेक्षां मोठा होता, हें ध्यानांत आलें. दोन्ही आवाज सारखे करितांच मतें दुभंगलीं. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. दुकानांत पुष्कळ जण फसतात ते येथेंच. तथापि मुलगा म्हणाला, "सर, बोटांना मात्र फरक कळतो." तो खोटें बोलत नव्हता. पण तो फरक पंचवीस हजारांचा आहे काय, यावर तो गप्प राहिला.

आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. जुन्या घडणीच्या फझमध्यें जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतात. उष्णता वाढली कीं त्यांतील विजेची गळती वाढते व आवाज बिघडतो. वैशाखांतल्या मांडवांत असली डबी ऐन वेळीं दगा देऊं शकते. तेथें सिलिकॉनचा साधा ट्रान्झिस्टरच अधिक भरंवशाचा.

तेव्हां माझें मत असें : गायनाला साथ करणाऱ्यानें प्रथम बूस्ट किंवा साधें ओव्हरड्राइव्ह घ्यावें, फझ गीत मागेल तेव्हांच. विकत घेण्यापूर्वीं आवाज समान करून, नांव झांकून ऐकावें. आणि मुलाला ‘नको’ म्हणण्यापूर्वीं पालकांनींही एकदां बसून ऐकावें. कारण पोराची ओढ खोटी नसते, तिचा भाव मात्र पुष्कळदां दुसऱ्यानें ठरविलेला असतो.

त्या मुलानें लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून आमच्या प्रयोगशाळेंत एका ट्रान्झिस्टराचें बूस्ट जोडलें. पहिल्यांदां तें मुकेंच राहिलें. एक तार उलटी जोडली गेली होती. तिसऱ्या दिवशीं तें बोललें, आणि स्नेहसंमेलनांत त्यानें तेंच वाजविलें. महागड्या डबीची इच्छा त्यानें सोडलेली नाहीं. निम्मे पैसे त्यानें मांडवांत वाजवून मिळवावे, निम्मे वडिलांनीं घालावे, असा घरीं करार झाला आहे. तो दिवस येईल तेव्हां त्याला ती डबी खुशाल मिळो. तोंवर त्याचा कान तयार झालेला असेल.