बाहुलीघरातला कंदील



काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता ‘जुन्या काळातील घर’. शेवटी दोन प्रतिकृतींत चुरस उरली. दोन्हींवर ‘पेशवेकालीन वाडा’ अशी पाटी होती. पहिली रंगीत व झळझळीत होती. छपरावर लालभडक मंगळुरी कौले, दिवाणखान्यात लंबकाचे घड्याळ, ओसरीवर टांगलेला इवलासा कंदील आणि त्यात विजेचा लुकलुकणारा दिवा! दुसरी पुठ्ठ्याची आणि मातकट रंगाची होती. तिच्या छपरावर हाताने वळलेली नळीची कौले होती, देवघरात समई होती, आणि माजघराशेजारची एक खोली अगदी रिकामी होती. दारावर चिठ्ठी होती : ‘या खोलीत काय असे, याची खात्रीची माहिती आम्हांला मिळाली नाही.’

आम्ही पहिल्या प्रतिकृतीला बक्षीस दिले आणि दुसरीवर ‘काम अपुरे’ असा शेरा मारला. त्या कागदावर माझीही सही आहे. तो निर्णय चुकला, असे आज माझे स्पष्ट मत आहे. का चुकला, ते सांगतो.

प्रथम तो कंदील पाहू. पेशवाई १८१८ मध्ये संपली. रॉकेलचे दिवे प्रचारात आले ते १८५० नंतर. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ मध्ये. म्हणजे त्या वाड्याचे छप्पर आणि त्याचा दिवा हे दोन्ही वाड्याच्या मालकाच्या नातवंडांच्या काळातले होते! लंबकाच्या घड्याळाला मात्र केवळ सनावरून चूक म्हणता येत नाही, कारण ह्युगेन्सने ते १६५६ मध्येच तयार केले होते. पण एखादी वस्तू त्या काळी जगात होती एवढ्यावरून ती त्या घरात होती, हे सिद्ध होत नाही. त्याला वेगळा पुरावा हवा. ‘अशक्य’, ‘शक्य’ आणि ‘खात्रीचे’ हे तीन कप्पे मनात वेगळे ठेवणे, ही विज्ञानाची पहिली शिस्त होय.

बाहुलीघरे मुळात दोन जातींची असतात. एक, आपल्याच काळाचे चित्र उतरवणारे. अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या रेशीम-व्यापाऱ्याच्या पत्नीचे बाहुलीघर आहे. ते साधारणपणे १६८६ ते १७१० या काळात सजले. त्यातील चिनी मातीची चिमुकली भांडी थेट चीनमधून मागवलेली होती. एखादे खरेखुरे घर विकत घेता यावे, इतका खर्च या हौसेवर झाला असे म्हणतात. हे काही मुलांचे खेळणे नव्हे. तेव्हाच्या सधन डच घरात स्वयंपाकघर कसे मांडत, कपडे कोठे वाळवत, बाळंतिणीची खोली कशी सजवत, हे आज आपल्याला त्यात पाहायला मिळते. अशा बाहुलीघराला पुरावा म्हणता येते.

दुसरी जात म्हणजे गेलेल्या काळाची घरे नव्याने रचणारी. अमेरिकेत नार्सिसा थॉर्न या बाईंनी १९३२ ते १९४० या काळात कुशल कारागिरांकडून अशा ६८ छोट्या खोल्या करवून घेतल्या. त्या आज शिकागोच्या कलासंग्रहालयात आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकापर्यंतच्या युरोपीय व अमेरिकी घरांची वळणे त्यांत दिसतात. काही खोल्या प्रत्यक्षातील दालनांवरून केल्या आहेत, तर काही त्या काळाच्या धाटणीने जुळवल्या आहेत. त्या फार सुंदर आहेत. पण त्यांना पुरावा म्हणता येत नाही. ती अनुमाने आहेत. अनुमान कितीही देखणे असले, तरी ‘हे कशावरून?’ हा प्रश्न त्याला चुकत नाही. तुमच्या प्रदर्शनातील वाडा याच दुसऱ्या जातीचा असतो.

आता कोणी म्हणेल, हा तर इतिहासाचा विषय झाला. विज्ञानाच्या मासिकात त्याचे काय काम? तर एक प्रयोग करून पाहा. अशा घरांचे प्रमाण बहुधा १ : १२ असते, म्हणजे एका फुटाला एक इंच. पाऊण मीटर उंचीचे टेबल सव्वासहा सेंटिमीटरचे होते. परंतु लांबी १२ पट घटली की क्षेत्रफळ १४४ पट आणि घनफळ १,७२८ पट घटते. त्याच लाकडाचे ८६ किलोचे कपाट येथे अवघे ५० ग्रॅम भरेल!

निसर्गाचे काही नियम तर आपले प्रमाण मानतच नाहीत. पाव मिलिमीटर जाडीचे साधे सुती कापड बाहुलीच्या दृष्टीने तीन मिलिमीटर जाडीचे ठरते. म्हणून त्याचा पडदा चुण्या घेऊन खाली न पडता घोंगडीसारखा ताठ उभा राहतो. अशा वेळी झिरझिरीत रेशीम घ्यावे लागते. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी लट्येन्स यांनी १९२१ ते १९२४ मध्ये बाहुलीघर उभारले. नवी दिल्लीची आखणी करणारे वास्तुशिल्पी ते हेच. त्या घरात वाहत्या पाण्याचे नळ बसवले होते. पण पाण्याचा थेंब काही लहान होत नाही! चार मिलिमीटरचा थेंब बाहुलीला लिंबाएवढा वाटेल. लंबकाचेही तसेच. एक मीटरचा लंबक सुमारे दोन सेकंदांत एक आंदोलन पूर्ण करतो. तो १२ पट आखूड केला, तर आंदोलनकाल १२ च्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे साडेतीन पट कमी होतो. त्या बक्षीसपात्र वाड्यातले घड्याळ खरोखरच चालू केले असते, तर त्याचा लंबक केवढ्या घाईने हलला असता!

तेव्हा जुन्या वळणाचे बाहुलीघर सजवणे हा एकाच वेळी इतिहासाचा आणि भौतिकीचा अभ्यास आहे. मात्र त्याला किंमत येते ती कारणांमुळे, चकाकीमुळे नव्हे. त्यासाठी पैसाही फारसा लागत नाही. पुठ्ठा, आगपेट्या, चिंध्या आणि माती पुरेत. घरातील जुना पाट, परात, अडकित्ता मोजा व प्रत्येक मापाला १२ ने भागा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते व भांडी यांचा मोठा संग्रह आहे. सहल गेली तर वही बरोबर न्या. त्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने आखा : वस्तू कोणती, ती कशावरून ठेवली, आणि खात्री किती.

काही शिक्षक म्हणतील, इतका काटेकोरपणा केला तर मुलांची हौसच मरेल. मला तसे वाटत नाही. दिवाळीत किल्ला करताना मुले बुरूज कोठे आणि दरवाजा कोठे यावर तासन्‌तास भांडतात. हौस त्या भांडणातच असते. फक्त भांडण मिटवायला कोणाचा आवाज मोठा हे न पाहता कोणाजवळ आधार आहे हे पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि आधार नसेल तेव्हा? तेव्हा त्या दोन मुलींनी केले तेच करावे. जागा रिकामी ठेवावी व तसे लिहावे. ती खोली एखाद्या शोभेच्या पलंगाने भरणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी ते केले नाही, आणि आम्ही मोठ्या माणसांनी त्यांचे गुण कापले. प्रामाणिकपणाला ‘अपुरे’ म्हणतात, हा धडा त्या त्या दिवशी आमच्याकडून शिकून गेल्या असतील, ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून शिक्षकांना आणि पुढच्या परीक्षकांना माझी विनंती आहे. प्रतिकृतीपुढे उभे राहिलात की दिवा लागतो का, हे नंतर पाहा. आधी वही मागा. आणि एखादी खोली रिकामी दिसली, तर गुण कापण्यापूर्वी दारावरची चिठ्ठी वाचा.