कान पुढे, डोळे मागे

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वाकडमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : ‘मुलगा दुसरीत गेलाय. वाचायला मराठी पुस्तकं सुचवा ना.’ उत्तरांना वेळ लागत नाही. ‘श्यामची आई’, पंचतंत्र, अकबर-बिरबल, शिवाजी महाराजांचं चरित्र. कुणीतरी ‘फास्टर फेणे’ म्हणतं आणि चाळिशीतले सगळे बाबा त्यावर अंगठे उमटवतात. पुस्तकांबद्दल तक्रार नाही. पण ही मंडळी ती पुस्तकं वाचत होती तेव्हा पाचवी-सातवीत होती आणि बहुतेक जण मराठी शाळेत होते, हे यादीसोबत कुणी लिहीत नाही.

आता हा दुसरीतला मुलगा पाहा. आई-बाबा हिंजवडीला कामाला, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, लिफ्टमध्ये आणि खेळायच्या जागेत हिंदी. राज्यात 2020 साली कायदा झाला आणि सगळ्या बोर्डांच्या शाळांमध्ये मराठी सक्तीची झाली. सुरुवात पहिली आणि सहावीपासून झाली. त्यामुळे दप्तरात मराठीचं पुस्तक असतं. पण त्याच्या वाट्याला येतात आठवड्याचे मोजके तास. मुलाचं मराठी कच्चं असतं असं मात्र मुळीच नाही. म्हातोबाच्या उत्सवातलं बगाड पाहून आला की तो आजीला फोनवर सगळं रंगवून सांगतो, थापाही मराठीतच मारतो. अडतं ते छापील पानावर. त्याचे कान सात वर्षांचे झालेले असतात आणि डोळे अजून बालवाडीतच असतात.

पुस्तकं निवडताना आपण घोळ घालतो तो इथेच. कानांच्या मापाचं पुस्तक आणून ते डोळ्यांसमोर धरतो. मूल चौथ्या ओळीला जांभई देतं आणि आपण जाहीर करून टाकतो, ‘याला वाचनाची आवडच नाही.’ काही घरांत उलटं होतं. डोळ्यांच्या मापाचं म्हणून ‘कमळ बघ, छगन उठ’ छापाचं पुस्तक आणतात. डायनासोरांची नावं तोंडपाठ असलेल्या मुलाला त्या छगनच्या उठण्यात काय रस असणार?

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की घरात पुस्तकांचे दोन ढीग असू द्या. एक आपण मोठ्यानं वाचून दाखवायचा, दुसरा मुलानं स्वतः वाचायचा. पहिल्या ढिगातली पुस्तकं आपल्याला वाटतात त्याहून थोडी अवघड चालतील. दुसऱ्यातली मात्र आपल्याला वाटतात त्याहून बरीच सोपी हवीत.

सोपी म्हणजे कशी, हे इंग्रजीच्या मापानं कळत नाही. अमेरिकेत डॉ. सूस यांनी 1957 साली ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक अवघ्या 236 वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं. इंग्रजीत ते शहाणपणाचं होतं, कारण तिथे अक्षरं ओळखता आली तरी शब्दाचा उच्चार कळेलच असं नाही, पुष्कळ शब्द नजरेनं ओळखीचे करून घ्यावे लागतात. मराठीत अक्षर आणि काना-मात्रा कळल्या की कधी न पाहिलेला शब्दही वाचता येतो. आपल्याकडची चढण वेगळी आहे. अनुस्वार, जोडाक्षरं आणि मुख्य म्हणजे ‘र’.

आमच्या परिसरातल्या पाट्याच घ्या. ‘वाकड’ पहिल्या महिन्यात वाचता येतं. ताथवडे, पुनावळे, रावेत, बाणेर, थेरगाव, सगळी सरळ. ‘हिंजवडी’ला अनुस्वार लागतो, ‘पिंपळे सौदागर’ला औकार. जोडाक्षराची पहिली ठेच लागते ‘कस्पटे वस्ती’ला, आणि ती एकदम दोनदा. पण खरी गंमत ‘गर्दी’ या शब्दात आहे. भूमकर चौकातून शाळेच्या बसनं जाणाऱ्या मुलाला गर्दी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शनिवारी आमच्या क्लबहाऊसमध्ये मुलं पुस्तकं घेऊन बसतात. तिथे एक मुलगी या शब्दापाशी अडली. ग वाचला, दी वाचली आणि वरच्या रफारावर बोट ठेवून विचारलं, ‘आजी, हा कधी म्हणायचा?’ प्रश्न अगदी रास्त होता. रफार डोक्यावर बसतो ‘दी’च्या आणि उच्चारायचा असतो तिच्या आधी. चक्र, सूर्य, राष्ट्र, दुसऱ्या : एकच ‘र’ किती सोंगं घेतो बघा! मोठ्यांना हे दिसेनासं झालेलं असतं.

तेव्हा मुलाच्या हातात द्यायचं पुस्तक आधी आपण उघडावं आणि कुठलंही एक पान अक्षरांकडे बघत वाचावं. ओळीओळीला जोडाक्षर असेल तर ते पुस्तक सध्या पहिल्या ढिगात. पानावर दोन-तीन ओळी, मोठा टाइप, शब्दांत मोकळी जागा आणि बाकीची गोष्ट चित्रात असेल तर ते दुसऱ्या ढिगात. बाराखडी पुरी होईपर्यंत थांबायचीही गरज नसते. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी हेच दाखवून दिलं. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाई तिथे स्थायिक झाल्या, प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि मोजकी अक्षरं व काना-मात्रा हाती येताच मुलांना त्यांतून अर्थपूर्ण शब्द आणि वाक्यं वाचायला दिली.

आता नावं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मी कुणालाही डोळे झाकून सुचवते. गोष्ट त्यांची आणि चित्रंही त्यांचीच. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेलं ‘राधाचं घर’ आणि यश नावाच्या मुलाची पुस्तकं घ्या. घरातली साधी माणसं, साधे प्रसंग, आणि भाषा आपण जेवताना बोलतो तशी. 2016 साली बिग लिटल बुक पुरस्कार सुरू झाला, तेव्हा लेखनासाठीचा पहिला मान त्यांना मिळाला. त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे खंड थोड्या मोठ्या मुलांसाठी आहेत, त्यांतले निवडक उतारे पहिल्या ढिगात आतापासून ठेवायला हरकत नाही. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’मधल्या कविताही तिथेच, कारण त्या ऐकून पाठ होतात आणि पाठ झालेलं पान मूल पुढे बोट फिरवत आपणहून वाचतं. आजी-आजोबांनी ‘ही घोकंपट्टी झाली’ म्हणून त्याला अडवू नये, वाचायला लागण्याची तीही एक वाट आहे.

खिशाचा विचार असेल तर प्रथम बुक्सची पातळ पुस्तकं स्वस्त आहेत. 2015 पासून त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. पुस्तकांना एक ते चार अशा पातळ्या दिलेल्या असतात. दुसरीतल्या मुलासाठी पातळी दोनच असं नव्हे, पातळी एकपासूनच सुरू करा आणि तो आकडा मुलाला इयत्तेसारखा ऐकवू नका. त्यांतल्या पुष्कळ गोष्टी दुसऱ्या भाषांतून आलेल्या असल्यानं एक पान मोठ्यानं वाचून पाहावं. जीभ अडखळली, ‘असं कोण बोलतं?’ असं वाटलं, तर पुढची गोष्ट उघडावी. बालभारतीच्या ‘किशोर’चे 1971 पासूनचे अंकही इंटरनेटवर मोफत आहेत, ते मात्र आपण वाचून दाखवण्यासाठी.

डिसेंबरात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव भरला की वाकडहूनही गाड्या भरून माणसं जातात. तिथे मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं : निदान एक पुस्तक त्याचं त्याला निवडू द्यावं. तो बहुधा ट्रकचं, नाहीतर भुताचं किंवा शी-शूच्या विनोदांचं पुस्तक उचलेल. उचलू द्या! गोष्ट संपल्यावर ‘काय शिकलास?’ हा प्रश्न मात्र टाळा. सिनेमा पाहून आल्यावर आपल्याला कुणी तात्पर्य विचारत नाही.

राहता राहिली सोसायटी. गणपतीत चित्रकला आणि फॅन्सी ड्रेसच्या बक्षिसांना पाण्याच्या बाटल्या आणि डबे देऊन झाले. मागे कमिटीनं पुस्तकं दिलीही, पण सगळ्यांना सरसकट थोर पुरुषांची जाडजूड चरित्रं. ती कपाटांत सुखरूप आहेत. यंदा त्याच पैशांत प्रत्येक मुलाला दोन पातळ पुस्तकं द्या, प्रत्येकाला वेगळी. म्हणजे आरती झाल्यावर ती आपसांत अदलाबदल करतील. आणि क्लबहाऊसमधल्या काचेच्या कपाटाची किल्ली सेक्रेटरींनी वॉचमनकाकांकडे ठेवावी. पुस्तकं फाटली तर पुढच्या वर्षीच्या वर्गणीत ती रक्कम धरा. माझ्या वर्गणीत आधी धरा.