पऱ्हाटीचा कोळसा होतोय, पण पैसा कोणाच्या पदरात?

कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची, बांधावर ढीग लावायचा आणि काडी ओढून मोकळं व्हायचं. विदर्भ-मराठवाड्यात वर्षानुवर्षे हेच चालत आलंय. थोडी चुलीला जाते, बाकीचा धूर. आता याच पऱ्हाटीला ‘बायोचार’साठी गिऱ्हाईक येऊ लागलंय. पण ढीग उचलून देण्याआधी हिशोब समजून घेतलेला बरा.

बायोचार म्हणजे मातीत टाकायचा कोळसा. पऱ्हाटी, तुराट्या, लाकडाचे तुकडे बंद भट्टीत, हवा लागू न देता ४०० ते ५०० अंशांवर सावकाश तापवले की वायू निघून जातो आणि कोळसा उरतो. १०० किलो वाळक्या काडीमागे साधारण २५ ते ३० किलो. उघड्यावर जाळलं तर हाती फक्त राख. कोळशातला बराचसा कार्बन मात्र मातीत शेकडो वर्षं टिकतो. मोठ्या कंपन्या पैसे मोजतात ते यासाठीच. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत १ लाख टनांची बायोचार क्रेडिट घेण्याचा करार जाहीर केला.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. एक टन चांगला बायोचार साधारण अडीच टन धरून ठेवतो. एकरी टनभर वाळकी पऱ्हाटी धरली तर कोळसा होतो अडीच-तीन क्विंटल, म्हणजे क्रेडिट अर्धं ते पाऊण. त्यातूनच भट्टी, वाहतूक, तपासणीचा खर्च निघणार. त्यामुळे दोन-चार एकरवाल्याने एकट्याने बोलणी करून भाव मिळणं अवघड. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी पुढे असेल तरच शब्दाला वजन येईल.

शेतीचा फायदाही डोळे झाकून धरू नये. बायोचार सहसा अल्कधर्मी असतो. आम्लधर्मी जमिनीत तो चांगला लागू पडतो. आपल्या काळ्या, आधीच सामू चढलेल्या रानात तेवढाच फरक पडेल असं नाही. कोरडा कोळसा थेट टाकला तर सुरुवातीला तोच नत्र धरून बसतो. म्हणून आधी शेणखतात किंवा स्लरीत मुरवायचा आणि पहिल्या वर्षी चार-पाच गुंठ्यांतच वापरून बघायचा.

एक फायदा मात्र रोकडा आहे. बांधावर पडलेल्या पऱ्हाटीत, कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. ढीग जानेवारीतच उचलला गेला तर पुढच्या हंगामाचा त्रास कमी होतो. मे महिन्यात गाडी आली तर हा फायदा गेला.

म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर मागाव्यात: क्विंटलचा भाव किती, उचल कोणत्या महिन्यात, क्रेडिटच्या पैशात शेतकऱ्याचा वाटा किती, आणि तयार कोळशातला किती आपल्या रानात परत येणार. पऱ्हाटीबरोबर पालाशही शेताबाहेर जातं, ते नंतर पोत्याने विकत आणावं लागतं.