अ‍ॅनापोलिसला निघालेल्या मुलांच्या घरच्यांसाठी

तुमच्या लेकीला किंवा लेकाला अमेरिकेच्या नौदल अकादमीत प्रवेश मिळाला आहे.

मुलं शाळेत एपी कॅल्क्युलस, एपी केमिस्ट्री करून आलेली असतात. त्यामुळे घरात लगेच हिशेब सुरू होतो. किती विषय सुटतील? वर्ष वाचेल का?

वर्ष वाचत नाही, हे आधी लक्षात घ्या. साध्या विद्यापीठात एपीच्या जोरावर मुलं एखादं सत्र लवकर बाहेर पडतात आणि फी वाचते. इथे फी नाही आणि शिक्षण चार वर्षांचंच. त्यानंतर निदान पाच वर्षं नोकरी. विषय सुटला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘व्हॅलिडेट’ झाला, तर त्या जागी दुसरा विषय येतो. तो बहुधा वरच्या पायरीचा असतो.

फायदा आहेच. मोकळ्या झालेल्या जागेत मायनर बसतं, कधी दुसरा मेजरही. मोजक्या हुशार मुलांना शेवटच्या वर्षी जवळच्या विद्यापीठात मास्टर्सची सुरुवात करता येते. मुलाला अशा कशाची ओढ असेल, तर विषय सोडवून घेण्यासाठी अकादमी घेते ती परीक्षा जरूर मनापासून द्यावी.

भारतातले आजी-आजोबा खडकवासल्याचा दाखला देतील. एनडीएत सगळे एकाच साच्यातून सहा सत्रं जातात. अ‍ॅनापोलिसमध्ये सुरुवात कुठून करायची, हे प्रत्येकाच्या तयारीवर ठरतं. म्हणून घरात शांतपणे बोलायला हवं.

निघण्याआधी काही कामं उरका.

एपीच्या परीक्षा मे महिन्यात होतात आणि गुण जुलैत येतात. तोवर मूल प्लीब समरमध्ये, म्हणजे प्लीब (पहिल्या वर्षाच्या) मुलांच्या उन्हाळी प्रशिक्षणात असेल. फोन जवळ नसतो, घरी बोलायला मोजकेच प्रसंग मिळतात. गुण अकादमीला पाठवायची नोंद मुलाने कॉलेज बोर्डाच्या खात्यात आधीच करून ठेवावी. एक ठिकाण फुकट निवडता येतं, त्याची मुदत साधारण २० जूनची असते. ती चुकली तर पैसे जातात आणि धावपळही होते.

अकादमीकडून आलेली कागदपत्रं शेजारी बसून वाचा. कुठल्या विषयाला एपीचे गुण चालतात आणि कुठे अकादमीची स्वतःची परीक्षा द्यावी लागते, ते त्यातच पाहा. ओळखीच्यांच्या मुलाचं तीन वर्षांपूर्वी काय झालं, त्यावर जाऊ नका. नियम बदलतात.

मग उजळणी. रोज तासभर पुरे. वही-पेन्सिल घेऊन, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून. प्लीब समरमध्ये दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. कवायत, पळणं, आरडाओरडा, पाठांतर. त्या थकव्यात परीक्षेला बसावं लागतं. तिथे तेवढंच आठवतं जे हातात पक्कं बसलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरांत मुलाला वरच्या वर्गात घातलं की बरं वाटतं. इथे तो मोह आवरा.

पहिल्या वर्षी अभ्यासाबरोबर प्लीबपणही असतं. पाठांतरं, तपासण्या, वरच्या वर्गातल्यांचे प्रश्न, तोकडी झोप. त्यात कॅल्क्युलसचे पहिले दोन भाग सोडून मूल थेट तिसऱ्यात बसलं आणि पाया कच्चा असला, तर पहिल्याच सत्रात गुण घसरतात. ते गुण सरासरीत राहतात. पदवीला निदान २.० सरासरी लागते. ऑर्डर ऑफ मेरिटमध्येही, म्हणजे तुकडीतल्या एकूण क्रमवारीत, अभ्यासाचा मोठा वाटा असतो आणि पुढे कोणती शाखा मिळणार, यावर त्याचा परिणाम होतो. उगाच सोडलेला सोपा विषय असा महागात पडतो.

म्हणून प्रत्येक विषयाचा वेगळा विचार करा. मुलाला एकच विचारा: हे प्रकरण धाकट्या भावाला आज शिकवू शकशील का? अडखळला, तर तो विषय तिथे पुन्हा करू दे. त्यात कमीपणा काही नाही. केमिस्ट्री पक्की असेल आणि गणित डळमळीत, तर केमिस्ट्री सोडू दे, गणित करू दे. मुद्दाम वाईट पेपर मात्र लिहू नये. खरी तयारी कागदावर उतरली, तरच योग्य वर्ग मिळतो.

ऑगस्टमध्ये पालकांच्या भेटीचा शनिवार-रविवार येतो. मूल दमलेलं असेल. आधी पोटभर जेवू घाला. मग वेळापत्रक पाहा. एखादा वर्ग झेपणार नाही असं वाटत असेल, तर सल्लागाराकडे लगेच जायला सांगा. सहा आठवड्यांनी पहिले गुण लागतात, तोवर थांबू नये. प्राध्यापक वर्गाबाहेर वेळ देतात, त्याला तिथे ‘ईआय’ म्हणतात. पहिल्याच आठवड्यात तो मागायला तुमच्या मुलाने लाजू नये, एवढं त्याच्या कानावर घाला.