डॉक्टर किती आले, बिलात किती लागले?



मागच्या हिवाळ्यात अब्बांच्या छातीत कळ आली. धरणगावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि लगेच जळगावला न्यायला सांगितले. बुधवारी रात्री तिथल्या एका खासगी रुग्णालयात भरती केले, पुढच्या मंगळवारी सकाळी सुट्टी मिळाली. अल्लाहचा शुक्र आहे, आज अब्बा फजरला पायी मशिदीत जातात.

आठ-दहा दिवसांनी धाकटा भाऊ बिलाची फाईल घेऊन माझ्याकडे आला. खर्च आम्हा भावंडांत वाटून घ्यायचा होता. त्याने दुकानात माल भरण्यासाठी ठेवलेली रक्कम दिली होती, शिवाय ३० हजार हातउसने घेतले होते. तो चिडून म्हणाला, "बाजी, दुखणं हृदयाचं, मग किडनीचा डॉक्टर कशाला? २९०० रुपये उगाच लावले!"

मी शिक्षिका. पेपर तपासायची सवय. कागद आणि पेन घेऊन बसले. सुट्टीच्या कार्डावर काय लिहिले आहे आणि बिलात काय लावले आहे, हे तारखेप्रमाणे शेजारी शेजारी मांडले.

ज्या रकमेवर भाऊ रागावला होता, ती बरोबर निघाली. शुक्रवारच्या तपासणीत अब्बांचे क्रिएटिनिन वाढले होते. हृदयाच्या डॉक्टरांनी स्वतः लिहून किडनीच्या डॉक्टरांना बोलावले होते. ते तीनदा आले, त्यांनी दोन औषधे बदलली. पहिल्या भेटीचे १५०० आणि पुढच्या दोन भेटींचे ७०० प्रमाणे १४००. दोघे डॉक्टर एकाच रुग्णालयाचे असले तरी विद्या वेगळी, काम वेगळे. ती फी रास्त होती.

चूक दुसरीकडे होती, आणि तिथे आमचे लक्षच गेले नव्हते. रविवारी हृदयाचे डॉक्टर बाहेरगावी होते. त्यांच्या जागी त्याच विभागातले दुसरे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन गेले. बिलात मात्र रविवारीही पहिल्या डॉक्टरांच्या दोन भेटी होत्या, म्हणजे १४००. शिवाय बदली आलेल्या डॉक्टरांची सकाळची भेट 'पहिली तपासणी' म्हणून १५०० ला लावली होती. अब्बा त्या विभागाला नवे नव्हते, नेहमीच्या भेटीचे ७०० व्हायला हवे होते. एकूण २२०० रुपये जादा.

मी भावाला घेऊन गेले. आवाज चढवला नाही, दोन्ही कागद पुढे ठेवले. खिडकीवरच्या मुलाने संगणकात पाहून सांगितले, "मॅडम, प्रत्येक डॉक्टरचा नंबर वेगळा आहे. नवीन नंबर टाकला की पहिल्या भेटीचा दर आपोआप लागतो. आणि मोठ्या डॉक्टरांच्या रोजच्या दोन भेटी आधीच टाकलेल्या असतात." अर्ध्या तासात पैसे परत मिळाले. कुणी मुद्दाम लबाडी केली असे मी म्हणणार नाही. पण आम्ही वाचले नसते, तर त्या यंत्राची चूक भावाच्या उधारीत जमा झाली असती.

हा घोळ जगभर होतो. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. तिचा नियम असा, की एकाच समूहात काम करणारे एकाच विद्येचे डॉक्टर बिलापुरते एकच डॉक्टर धरायचे. त्यांच्यापैकी कुणीही रुग्णाला गेल्या ३ वर्षांत तपासले असेल, तर दुसऱ्याने 'नवा रुग्ण' म्हणून जादा फी लावायची नाही. विद्या वेगळी असेल तर मात्र वेगळी फी लावता येते. आपल्याकडे खासगी रुग्णालयात हे तिथल्या दरपत्रकावर ठरते. म्हणून विचारायचे काम आपले.

विचारण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम २०२१ साली आले. त्यांनुसार रुग्णालयाने रुग्ण हक्क सनद आणि प्रमुख सेवांचे दर दिसेल असे लावायचे आहेत. डॉक्टरांच्या दर भेटीची फी त्या दरांत येते. बाबवार बिल मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार उपचाराची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. ऐकून घेतले नाही, तर जळगाव शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

आता आमची स्वतःची चूकही सांगते. भरती करताना आम्ही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारलेच नाही. 'आपल्याला कुठे मिळणार' असे धरून चाललो. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षी ती जळगावसह साऱ्या राज्यात आली. १ जुलै २०२४ पासून ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण पांढऱ्या रेशनकार्डालाही मिळाले. योजनेत बसणाऱ्या आजाराला ठरलेले पॅकेज असते. डॉक्टरांची फी, खाट, तपासण्या, औषधे, जेवण सगळे त्यातच. कितीही डॉक्टर येऊन गेले तरी भेटींचा हिशेब रुग्णाच्या माथी येत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जावे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

आमच्या घरी आता एक रीत पडली आहे. कुणी दवाखान्यात असेल, तर उशाशी एक वही ठेवायची. कोणते डॉक्टर, कोणत्या वेळी आले, कशासाठी आले, एवढेच लिहायचे. भाभी उर्दूत लिहिते, भाचा मराठीत, दोन्ही चालते. नवे डॉक्टर आले, तर अदबीने विचारायचे, "साहेब, आपण वेगळ्या आजारासाठी आलात की मोठ्या डॉक्टरांच्या जागी?" डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. बिल रोजच्या रोज पाहायचे, सुट्टीच्या गडबडीत नाही.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे, हे आपण मुलांना शिकवतो. आजारपणात मात्र तेच विसरतो. रुग्णालयावर आंधळा संशय घेणे बरे नाही आणि न वाचता सही करणेही बरे नाही. भावाने ज्या डॉक्टरांना बोल लावला होता, त्यांच्याच औषधाने अब्बांची किडनी सावरली. परत जाताना तो त्यांना सलाम करून आला.